दारातला उजेड

उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला मी अनेक वर्षं एक असाइनमेंट देत आलो: स्वतःच्या वाढीची गोष्ट फक्त रंगांतून सांगा. आकृती नको, अक्षर नको. पाव शीट कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, बस. सबमिशनच्या दिवशी भिंतीवर ४० शीट लागतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक डावीकडे काळी असतात, मधे राखाडी, मग निळी, उजव्या कडेला पिवळी नाहीतर केशरी. अंधारातून उजेडाकडे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी आयुष्याचा डावा भाग इतका काळा का रंगवावा, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. त्यांच्याशी बोललं की कळतं, बहुतेकांचं बालपण तसं नव्हतं. त्यात आजोळ होतं, सायकल होती, पावसात बुडालेली शाळा होती. पण रंगांचा अर्थ त्यांना तयार मिळालेला असतो: काळा म्हणजे दुःख, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे आनंद. त्या तक्त्यात बसण्यासाठी मुलं स्वतःचं बालपण काळं करून टाकतात.

असे तक्ते जुने आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिला आहे. शृंगाराचा रंग तिथे लाल किंवा गुलाबी नाही, तो श्याम आहे. पिवळा अद्भुताचा, पांढरा हास्याचा. आणि करुणाला दिला आहे कपोत, म्हणजे आपला पारवा. शोकासाठी काळा हाताशी असताना कबुतराच्या पंखाचा करडा ज्याने निवडला, त्याची नजर मला फार मोठी वाटते. घरात माणूस गेल्यावरचे दिवस आठवून बघा. चहा होत असतो, फोन घेतले जातात, कुणीतरी दूध आणायला जातं. ते दिवस काळेकुट्ट नसतात, पारवेच असतात. तरीही हा रंगभूमीचा संकेत आहे. आजच्या मुलीने तो उचलून आपल्या शीटवर चिकटवला तर तोही उसनाच ठरेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तालुक्याच्या गावी तिच्या आईचं मॅचिंग सेंटर: ब्लाउज पीस, फॉल, अस्तर, परकर. पहिल्या वर्षीची तिची शीट इतरांसारखीच होती, काळ्यातून पिवळ्याकडे. दुसऱ्या वर्षी संगणक हाती आला. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. त्यांचा गुणाकार १ कोटी ६७ लाखांच्या वर जातो. एवढे रंग बोटाशी असताना अख्खा वर्ग पाच-सहा फिकट रंगांत फिरत होता: बिस्किटी, विटका गुलाबी, धुरकट हिरवा. तिचंही काम तसंच झालं, नीटनेटकं, शहाणं, कुठेही न बोचणारं. मी तिला भरपूर गुण दिले. आज देणार नाही. दुकानाबद्दल विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली होती, "सर, आमच्याकडचे रंग फार भडक असतात हो." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. रंग शिकायला आलेली मुलगी वर्षभरात आपल्या घरच्या रंगांची लाज बाळगायला शिकली होती, आणि शिकवणारा मी होतो.

पुढे एका लग्नाच्या निमित्ताने त्या भागात जाणं झालं आणि मी दुकानात डोकावलो. नवरात्र तोंडावर होतं. नऊ दिवसांचे नऊ रंग नेसायची पद्धत एका मराठी वर्तमानपत्राने या शतकाच्या सुरुवातीला रुजवली, तेव्हापासून मॅचिंगच्या दुकानांना या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. टू बाय टू रुबियाचे तागे छतापर्यंत रचलेले. गिऱ्हाईक रंगाचं नाव घेत होतं आणि त्या बाई न बघता हात घालत होत्या. आमसुली, चिंतामणी, मोरपिशी, अंजिरी, अबोली, शेवाळी, विटकरी, मोतिया, राणी. यांतलं जवळजवळ प्रत्येक नाव एखाद्या वस्तूचं आहे. आमसूल चाखलेलं असतं, अबोली केसांत माळलेली असते. वर्गात मी अठ्ठावीस टक्के मॅजेंटा वगैरे बोलतो. छपाईला ते लागतंच, पण त्या आकड्यांना चव नसते.

एका बाईंना साडीच्या काठाला जुळणारा पीस हवा होता. तीन तागे काउंटरवर आले. मला तिन्ही एकच दिसले. दुकानदार बाईंनी ते उचलले आणि म्हणाल्या, "ट्यूबखाली नका ठरवू ताई, दारात या." दारात गेल्यावर त्यांतला एक सरळ हिरवट निघाला. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, हा रंगशास्त्रातला पक्का धडा आहे. म्हणूनच चांगल्या छापखान्यात प्रूफ तपासायला ५००० केल्विनचा ठराविक उजेड वापरतात. बाईंचा तोच उजेड दारात होता. मग त्यांनी पीस काठाला अगदी चिकटवून धरला. "नुसता बघू नका. काठाशेजारी कसा दिसतो ते बघा."

या दुसऱ्या वाक्याने मी थबकलो, कारण पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ हेच लिहायला जाडजूड ग्रंथ खर्ची घातला होता. मिशेल यूजीन शेव्हरल १८२४ साली गोबलँच्या सरकारी विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगाईत खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यावर काळ्याचा जोर कमी भासत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग डोळ्याला एकमेकांपासून दूर ढकलतात, हा त्यांचा नियम १८३९ साली ग्रंथरूपाने आला. त्याचा उगम कापडात आहे, हे चित्रकलेच्या वर्गात सांगायचं आपण विसरतो.

विसाव्या शतकात हा नियम शिकवण्याची रीत योसेफ आल्बर्स यांनी घडवली. जर्मनीतल्या बोट्रोपचा हा शाळामास्तर १९२० साली, वयाच्या ३२व्या वर्षी, वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी झाला. सामान घ्यायला पैसे नव्हते, म्हणून उकिरड्यावरच्या फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचून त्याने चित्रं केली. नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडल्यावर १९३३ साली ते अमेरिकेत गेले आणि तिथे शिकवत राहिले. १९६३ साली त्यांचं 'इंटरॅक्शन ऑफ कलर' आलं. विद्यार्थ्यांना ते रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावत: छापखान्यातली कातरणं, पुडीचे कागद, मासिकांची पानं. पहिल्या धड्यांतला एक असा: एकच रंग दोन पार्श्वभूमींवर ठेवा आणि तो दोन वेगळे रंग वाटला पाहिजे. ऐकायला सोपा वाटतो. करायला बसल्यावर आपल्या डोळ्यांवरचा विश्वास दिवसभरात चारदा ढळतो. स्वतः आल्बर्सनी एकात एक चौकोनांची चित्रमालिका ६२व्या वर्षी, १९५० साली, सुरू केली आणि १९७६ साली मृत्यूपर्यंत ती केली. वाढीचं वय उलटलं असं कुणाला वाटत असेल, तर ते ६२वं वर्ष त्यांनी लक्षात ठेवावं.

बाउहाउसमध्ये आल्बर्स ज्यांच्या वर्गात बसले, ते योहानेस इटेन मात्र दुसऱ्या टोकाचे. १९२८च्या सुमारास त्यांनी रंगसंगतीचे नमुने सांगितले तेव्हा विद्यार्थ्यांनी कुरकुर केली. मग त्यांनी प्रत्येकाला आपल्याला सुखद वाटेल अशी संगती करायला सांगितली. प्रत्येकाचं काम वेगळं निघालं, आणि एक कागद उचलून तो कुणाचा हे त्यांनी ओळखलंसुद्धा. माणसाचे स्वतःचे रंग असतात, ही इटेनची खात्री होती. मला ती खोटी वाटत नाही. पण इटेनचे ते विद्यार्थी रंगाशी झटत आलेले होते. नजर तयार होण्याआधी 'स्वतःचे रंग' मागितले की हाती येतात ते जाहिरातीतले, मोबाइलच्या पडद्यावरचे, शेजारच्या बाकावरचे.

शेवटच्या वर्षी त्या मुलीने पहिल्या वर्षाचीच असाइनमेंट पुन्हा करायची परवानगी मागितली. दिवाळीच्या सुट्टीहून परतली ती चिंध्यांची पिशवी घेऊन. माउंट बोर्डावर नऊ चौकोन होते. प्रत्येकाच्या मधोमध आमसुली पट्टी, भोवती दुकानातलंच वेगळं कापड. शेवाळीवर आमसुली लालसर पेटलेला, राणीवर तपकिरी पडलेला, मोतियावर जवळजवळ काळा, काळ्यावर उजळ. ज्युरीतले एक जण म्हणाले, नऊ छटा छान निवडल्या आहेत. तिने वरचा बोर्ड उचलला. खाली डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकच अखंड पट्टी होती.

"मग यात वाढ कुठे आहे? रंग तर तोच," असं विचारलं गेलं. ती म्हणाली, "घरी मी धीट होते. इथे आल्यावर दबले. हॉस्टेलवर सगळ्या मला हसरी म्हणतात, घरी आता शिष्ट म्हणतात. मला वाटायचं मी सारखी बदलतेय. शेजार बदलत होता." खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. नंतर गुणांवरून मतभेद झाले. एका परीक्षकाला त्यात संकल्पना कमी आणि कारागिरी जास्त वाटली. मला ते पटलं नाही. कुठला तुकडा कशाशेजारी ठेवला की आमसुली किती मिटतो, हे बघत ती मुलगी आठवडाभर चिंध्या बदलत होती, आणि त्यासाठी दुपारी वर्गाच्या दारात जाऊन बसत होती. दुसऱ्या वर्षी पडद्यावरचे सहा फिकट रंग उचलणाऱ्या मुलीला एवढं दिसू लागलं. वाढ मोजायचीच असेल, तर मी तिथे मोजेन.

भडक हा शब्द मी वर्गात वापरणं त्यानंतर सोडलं. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. त्यांची ठसठशीत रंगांची मुखपृष्ठं मी हल्ली मुलांना दाखवतो आणि विचारतो, यातला कुठला रंग कुणाच्या जिवावर उभा आहे? उत्तरं यायला वेळ लागतो. लागू द्यावा.

रंग शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. मीही यंदापासून हेच करतो आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःची गोष्ट रंगांतून सांगायला लावू नका, ती असाइनमेंट शेवटच्या वर्षासाठी ठेवा. पहिल्या वर्षी त्यांच्या हातात एकाच कागदाचे दोन तुकडे द्या आणि ते दोन वेगळे रंग दिसतील असं करून दाखवायला सांगा. कागद विकत आणायची गरज नाही. शिंप्याकडच्या चिंध्या चालतील.