मात्रेचा सातवा भाग

एका मात्रेत सात स्वर सारख्या अंतराने बसवायचे तर त्या मात्रेचे सात समान भाग व्हावे लागतात. तबलजीला हे रियाजाने साधते. पाश्चात्त्य स्वरलिपीला मात्र त्यासाठी वेगळी सोय करावी लागते, कारण तिच्यातले प्रत्येक चिन्ह आधीच्या चिन्हाच्या निम्म्या काळाचे असते: अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश. तीन, पाच, सात, अकरा हे भाग या साखळीत कुठेच येत नाहीत. म्हणून स्वरांवर कंस काढून त्यावर आकडा लिहितात आणि चारांच्या जागेत सात वाजवायचे आहेत असे सुचवतात. अशा गटाला टपलेट म्हणतात. माणूस वाजवतो तेव्हा सातवा भाग नेमका केवढा, हे त्याला आकड्यात सांगावे लागत नाही. संगणकाला तो साठवून ठेवायचा असतो, म्हणून सांगावेच लागते. तिथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: काळ क्षणांच्या कणांचा बनलेला आहे, की तो अखंड असून भाग आपण पाडतो?

तीन हा आकडा युरोपात नेहमीच उपरा नव्हता. तेराव्या शतकात कलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रकाराने तीन भागांच्या काळाला परिपूर्ण म्हटले आणि त्याचा संबंध ख्रिस्ती धर्मातील पवित्र त्रैक्याशी जोडला. दोन भागांचा काळ अपूर्ण ठरला. चौदाव्या शतकातील ‘आर्स नोव्हा’ या नव्या शैलीच्या संगीतकारांनी दोनाला तीनाच्या बरोबरीने बसवले, तेव्हा लिएजच्या जाकोबसने त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि पोप बाविसावे जॉन यांनीही नव्या, बारीक स्वरांच्या गायकीला आक्षेप घेतला. पण हा वाद दोन आणि तीन यांच्यापुरताच होता. फिलिप द व्हित्री या संगीतकाराच्या विनंतीवरून ज्यू तत्त्वज्ञ लेव्ही बेन गेर्शोन याने १३४३ च्या सुमारास एक सिद्धता लिहिली. केवळ दोन व तीन यांच्या गुणाकारांतून येणाऱ्या संख्यांमध्ये एकाने फरक असलेल्या जोड्या चारच आहेत, असे तिच्यात दाखवले आहे: १ आणि २, २ आणि ३, ३ आणि ४, ८ आणि ९. अशा संख्यांना ‘हार्मोनिक’ म्हटले जाई. पाच आणि सात यांना त्यांत जागा नव्हती. पुढे तीनही मागे पडला आणि निम्मे करणे हाच लिपीचा नियम झाला.

विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत ही अडचण येत नाही. एका मात्रेत येणारे सगळे स्वर खालून एका अर्धचंद्राने बांधले जातात. आत दोन स्वर असोत वा सात, मात्रेचे तेवढे समान भाग झाले असे वाचायचे. आधी पूर्ण मात्रा आहे आणि भाग तिच्यातून निघतात, हे या लिपीत गृहीतच आहे.

संगणकाची पहिली पद्धत नेमकी उलटी आहे. तिच्यात काळाचे एक लहानसे एकक ठरवतात, त्याला टिक म्हणतात आणि प्रत्येक स्वराची लांबी टिकांत मोजतात. १९८८ साली आलेल्या फिनाले या सॉफ्टवेअरमध्ये क्वार्टर नोटचे, म्हणजे पाव स्वराचे, १०२४ भाग धरलेले होते. १०२४ हा दोनाचाच घात, त्यामुळे साध्या ट्रिप्लेटमध्येही, म्हणजे तीनाच्या टपलेटमध्येही, ३४१ चे तीन भाग होऊन एक टिक उरतो. निम्मे करण्याची सवय लिपीतून यंत्रात आली ती अशी. मिडी या प्रकारच्या संगीत-फायलींमध्ये क्वार्टर नोटचे बऱ्याचदा ४८० टिक असतात. त्यांना तीनाने आणि पाचाने पूर्ण भाग जातो, सातने जात नाही. ६८ टिकांचे सात स्वर म्हणजे ४७६, बाकी चार. मिनिटाला ६० क्वार्टर नोटच्या लयीत चार टिक म्हणजे सुमारे आठ सहस्रांश सेकंद. हे चार टिक कुणाला तरी द्यावे लागतात. मग काही स्वर ६९ टिकांचे होतात, काही ६८ चे, आणि लिहिणाऱ्याने मागितलेली समानता फायलीत कुठेच राहत नाही. ते सोडूनच दिले तर पुढची मात्रा आधी सुरू होते. टिकांची संख्या वाढवूनही प्रश्न सुटत नाही. १ ते १२ या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या २७७२० आहे. तेरा आले की ती ३,६०,३६० होते आणि मिडी फायलीत या आकड्याची कमाल मर्यादा ३२७६७ आहे. शिवाय सातच्या गटातल्या एका स्वरात पुन्हा सातचा गट असेल तर ४९ भाग हवेत, ते २७७२० मध्येही बसत नाहीत.

योगसूत्रांच्या विभूतिपादावरील व्यासभाष्यात क्षणाचे वर्णन याच ढंगाने येते. द्रव्याची शेवटची मर्यादा परमाणू, तशी काळाची शेवटची मर्यादा क्षण. दोन क्षण कधी एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त, दिवस, रात्र हे त्यांचे समूह बुद्धीने रचलेले आहेत, वस्तू नव्हेत. वैशेषिक तत्त्वज्ञांचे म्हणणे वेगळे. त्यांच्या मते काळ एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे, आणि क्षण, मुहूर्त हे भेद उपाधींमुळे दिसतात. पुढे नव्यन्यायातील रघुनाथ शिरोमणीने ही परंपरा मोडून क्षण हा स्वतंत्र पदार्थ मानला. अ‍ॅरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या सहाव्या भागात अखंड परिमाण अविभाज्य घटकांचे बनू शकत नाही असे सांगितले, तो वैशेषिकांच्या जवळचा विचार आहे.

क्षणवादी म्हणेल की टिक हा काही खरा क्षण नव्हे. खरा क्षण इतका सूक्ष्म आहे की चूक कानाला कळणारच नाही. पण चूक लहान असणे हे उत्तर नव्हे. मात्रेतील क्षणांच्या संख्येला सातने भाग जात नसेल, तर तिचा सातवा भाग अस्तित्वातच नाही, मग क्षण कितीही सूक्ष्म असो. संगीताचा अनुभव याविरुद्ध साक्ष देतो. तीनतालात बिआडची लय धरणारा, म्हणजे चार मात्रांत सात मारणारा तबलजी, सात लहान काळ एकापुढे एक रचून समेवर पोहोचत नाही. सम आधीच ठरलेली असते आणि प्रत्येक बोलाला त्याची लांबी त्या पूर्णातून मिळते. निदान तालापुरते तरी वैशेषिकांचे म्हणणे खरे मानावे लागते.

दुसऱ्या पद्धतीची सॉफ्टवेअर याच बाजूची आहेत. १९९६ पासून विकसित होत आलेले लिलिपाँड स्वराची लांबी अपूर्णांकात ठेवते: सप्तमांश म्हणजे सप्तमांशच. बाकी उरत नाही, आणि सातच्या आत सात घातले तरी गणित अचूक राहते. मात्र पूर्ण कोणते, हे लिहिणाऱ्याने सांगावे लागते. शोपँच्या ओपस ९ मधल्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये उजव्या हाताचे ११ स्वर डाव्या हाताच्या ६ स्वरांवर येतात आणि लगेच पुढे २२ स्वर १२ वर. रूढीप्रमाणे ११ चा गट ८ च्या जागेत समजला जातो. म्हणून इथे ११ विरुद्ध ६ हे प्रमाण स्पष्ट भरावे लागते, नाहीतर मापात स्वर मावत नाहीत. गटावरचा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. भाग आणि पूर्ण यांचे नाते लिहिले तरच टपलेट पुरा होतो.

अपूर्णांकालाही सीमा आहे. कॉनलन नॅनकॅरो (१९१२–१९९७) याने यांत्रिक पियानोसाठी रचलेल्या ३३ व्या स्टडीत दोन आवाजांच्या लयींचे प्रमाण दोनाचे वर्गमूळ आणि दोन असे आहे. ४० व्या स्टडीत ते ई आणि पाय या गणिती संख्यांचे आहे. यांतले पहिले प्रमाण कोणत्याही दोन पूर्ण संख्यांत मांडता येत नाही (दुसऱ्याबद्दल हे अजून सिद्ध झालेले नाही), त्यामुळे तिथे एक आवाज दुसऱ्याच्या मापात लिहायला टपलेट पुरत नाही. नॅनकॅरो कागदाच्या गुंडाळीवर हाताने भोके पाडत असे. तिथे काळ म्हणजे कागदावरचे अंतर, आणि अंतर मोजायला आधी त्याचे कण पाडावे लागत नाहीत. ३३ व्या स्टडीतले प्रमाण टपलेटने लिहायचेच झाले, तर ७:५ किंवा १७:१२ यांसारख्या जवळच्या अपूर्णांकावर थांबावे लागते.