ढकललेला श्वास

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतमजूर धुळ्या-जळगावच्या अतिदक्षता विभागाला नवा नाही. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मंदावलेला. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. ऑक्सिजन 98 वर जातो, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आणि तेवढ्यात रक्तदाब घसरू लागतो.

हे का होतं? आपण श्वास ओढून घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि त्याच ओढीने शरीरभरचं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडे परततं. यंत्र हवा ढकलतं. दाब वाढला की परतणारं रक्त अडतं, आणि जे आलंच नाही ते हृदय पुढे कुठून धाडणार? या मजुराच्या अंगातलं पाणी तर उलट्या, जुलाब आणि घामातून आधीच गेलेलं असतं.

हा इशारा यंत्रं सर्वत्र पसरण्याआधीच मिळाला होता, याचं मला फार वाटतं. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या आंद्रे कूर्नां आणि सहकाऱ्यांनी दाबाच्या श्वासात हृदयातून बाहेर पडणारं रक्त मोजलं. दाब जितका वाढे, तितकं ते घटे. उच्छ्वासाला जास्त वेळ दिला की तोटा कमी होई. चारच वर्षांनी कोपनहेगनच्या पोलिओ साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हातांनी पिशव्या दाबून रुग्ण जगवले आणि ढकललेला श्वास रूढ झाला. 1967 मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी उच्छ्वासाच्या शेवटीही थोडा दाब राखला. त्यालाच आज सगळे ‘पीप’ म्हणतात. मिटलेली फुप्फुसं त्याने उघडली, पण मोह असा की, वाढवला की आकडा सुधारतो. 1975 मध्ये पीटर सूटर यांनी दाखवलं की एका मर्यादेपलीकडे रक्तातला ऑक्सिजन वाढतो, पण शरीराला पोचणारा कमी होतो. माझ्या मते या इतिहासातला हाच खरा टप्पा. मोजायचं ते रक्तात किती भरलं हे नव्हे; मूत्रपिंडाला, मेंदूला किती पोचलं हे.

हाच दाब कधी औषधही ठरतो. डावं हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलं की दाबामुळे त्याच्यावरचा भार हलका होतो. 1936 मध्ये लंडनच्या पोल्टन यांनी अशा रुग्णांना व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर चालणाऱ्या यंत्राने आराम दिला. आजचा बायपॅपचा मुखवटा त्याचाच वारस.

करोनाने घराघरात ऑक्सिमीटर नेला. खानदेशातही नातेवाइकांचा पहिला प्रश्न ऑक्सिजनचाच असतो. त्याच्या जोडीला ‘लघवी किती झाली?’ हेही विचारावं. आणि रक्तदाब घसरला, रात्री इको करणारं कुणी नसेल तर डॉक्टरांनी रुग्णाचे पाय 45 अंशांपर्यंत उचलून पाहावेत. साधारण 300 मिली रक्त हृदयाकडे धावतं. मिनिटभरात रक्तदाब चढला, तर सलाइन उपयोगी पडण्याची शक्यता दिसते. अंदाज अचूक नसतो. पण डॉक्टर पीप दोन अंकांनी उतरवायचा की सलाइन लावायचं, हे ठरवू लागतो.