पस्तीस टक्क्यांचा सांधा

‘अभ्यास केला नाहीस तर सुताराच्या हाताखाली घालीन.’ अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ही धमकी ऐकत मुलं मोठी होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं फुटली, पत्रे उडाले. पाऊस तोंडावर आणि वर करोनाची टाळेबंदी. घरोघरी एकच प्रश्न होता : वर चढणार कोण? कुठला वासा पिचलाय, रीप कुठे ठोकायची, हे कळणारा माणूस गावात मोजकाच. एरवी धमक्या देणारे बापच तेव्हा सुताराची आर्जवं करत होते. छप्पर झालं, पावसाळा सरला आणि धमकी पुन्हा सुरू झाली.

हाताचं काम सगळ्यांना शिकवावं, हा विचार या जिल्ह्याला तरी परका वाटू नये. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या झाकीर हुसेन समितीचे सदस्य होते. हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, ही नई तालीमची कल्पना. पुढे शाळाशाळांत ती कार्यानुभवाच्या एका तासापुरती उरली आणि तोही तास बऱ्याचदा गणिताच्या सरांनी मागून घेतला.

पण या शिक्षणाला विरोध करणारे सगळेच आळशी किंवा पांढरपेशे नव्हते. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने वस्तराच धरायचा, हे सरकारच सांगू लागलं म्हटल्यावर लोक खवळले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी कामराज आले आणि योजना गेली. गेली ते बरंच झालं. आज आपण उघडपणे जात विचारत नाही, टक्के विचारतो. ‘ढ’ मुलाला धंदेशिक्षण आणि हुशार मुलीला क्लास, ही वाटणी त्याच योजनेची धाकटी बहीण आहे. डॉक्टरांच्या मुलीच्या हातात रंधा येत नाही तोवर सुताराच्या मुलाला शाळेत सुतारकाम शिकवणं मला नीतीला धरून वाटत नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हे ओळखलं होतं. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कार्यशाळा, शेती, वीज, स्वयंपाकघर यांत घालवायचा आणि गावाची खरी कामं वाजवी पैसे घेऊन करायची, असा तो अभ्यासक्रम. त्यातली पैसे घेण्याची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. गिऱ्हाईक ‘प्रयत्न चांगला आहे’ असा शेरा मारत नाही. ते माल परत पाठवतं.

एक साधं स्टूल घ्या. पायात खाच पाडायची, आडव्या पट्टीला कुसू काढायचा. गुण्या लावून चारही बाजूंनी रेघ ओढायची, रेघ राखून करवत चालवायची, उरलेलं पटाशीने तासायचं. कुसू अर्धा सूत बारीक झाला की सांध्यात फट राहते. मग एक युक्ती असते. भुसा फेविकॉलमध्ये कालवून फटीत भरायचा, वर पॉलिश मारायचं. काही दिसत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड फुगून सांधा घट्टही वाटतो. उन्हाळ्यात ते आखडलं की स्टूल डुगडुगायला लागतं, आणि तेव्हा त्यावर उभी असते माळ्यावरचा डबा काढणारी कुणाची तरी आजी. परीक्षेत पस्तीस टक्के मिळवून वर्ष निघतं. पस्तीस टक्के बसलेल्या सांध्याचं काय करायचं? चौदा वर्षांच्या मुलाने ती फट बुजवायची की पट्टी फेकून नवी घ्यायची, हे ठरवताना त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला असा प्रसंग फळ्यावर उभा करता येत नाही. त्यासाठी लाकूड वाया घालवायची मुभा लागते, म्हणजे पैसे लागतात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा दिवसांत रंधा धरता आला तरी पुष्कळ. माझी काळजी वेगळीच आहे. रेवदंड्याचा किंवा मुरुडचा एखादा सुतार शाळेत येईल, तो बी.एड. नसेल. त्याचं मानधन वेळेवर निघेल का? मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीत बसेल की व्हरांड्यात? आणि मुलं त्याला सर म्हणतील की ‘ए सुतार’? निदान हे शेवटचं तरी मुख्याध्यापकांनी त्याच्या पहिल्या तासाआधी वर्गात जाऊन सांगून ठेवावं.