ताटली कोणाच्या दारी न्यावी?

घरी गोड करावे आणि चार घरी वाटावे, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे वाचक म्हणतील. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो. परंतु रुग्णसेवेत सारी उमर घालवल्यावर एका सणाला एक ताटली आम्ही एका दारी नेली नाही, आणि ती न नेलेली ताटली अजून मनातून जात नाही. म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहोत. ज्याला गोड खाणे अपायकारक आहे, त्याच्या दारी सणाचे गोड न्यावे की नाही?

आमचे बालपण अलिबागच्या इस्राएल आळीतले. नव्याच्या सणाआधी, म्हणजे रोश हशानाच्या आधी, गहू भिजत पडत. तीन दिवसांनी ते वाटून, फडक्यातून गाळून चीक काढायचा. चीक तळाशी बसला की वरचे पाणी ओतून द्यायचे, मग नारळाचे दूध आणि साखर घालून तो शिजवायचा. हलवा पातेल्याची कड सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. थाळ्यात ओतून, वर बदाम-पिस्ते पेरून वड्या पाडल्या की आई ताटल्या भरायची. पहिली ताटली नातलगांकडे जात नसे. ज्या घरी हलवा ढवळायला कोणी नाही, त्या घरी ती आधी जाई. शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीचा फराळ येई, तिकडेही आमची ताटली जाई. रिकामे भांडे कोणी परत करीत नसे. काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात घालून मिळे.

१९७७ साली मॅट्रिक होऊन आम्ही इस्राएलला आलो आणि दिमोनात स्थायिक झालो. येथे चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर आणि ताज्या नारळाऐवजी डब्यातले दूध आले, पण ताटल्या तशाच राहिल्या. आमच्या जिन्यात मोरोक्कोचे लोक होते, रुमानियाचे होते, पुढे रशियाहून आलेलेही आले. एक शेजारीण प्रथम विचारी, "हे परवे आहे ना?" आम्ही सांगत असू की दूध गाईचे नव्हे, नारळाचे आहे, मांसाच्या जेवणानंतरही चालते. दुसरी एक आमच्या हाताचे काहीच खात नसे. ती हसून नाही म्हणे. प्रथम आम्हाला राग आला. आई म्हणाली, "देणं आपल्याकडे, घेणं तिच्याकडे. पुढच्या वर्षी पुन्हा विचार." आम्ही दर वर्षी विचारीत राहिलो.

दुसऱ्या मजल्यावर आपल्याच समाजातले एक काका एकटे राहत. मधुमेह जुना होता. पायाची जखम चिघळून एक बोट काढावे लागले होते, आणि दवाखान्यातून आल्यावर तिची मलमपट्टी आम्हीच करीत होतो. त्या वर्षी नव्याच्या सणाला आम्ही जिन्यातल्या सगळ्या दारांवर थाप दिली आणि काकांचे दार सोडून दिले. परिचारिकेने हेच करावे, असे आम्हाला वाटले. मनात जराही शंका नव्हती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले. म्हणाले, "यंदा हलवा झाला नाही का, मुली? वास तर आला होता."

आम्ही म्हटले, "नीट जमला नाही, काका."

ते "बरं" म्हणाले आणि कठडा धरून वर गेले. आम्ही खोटे बोललो हे त्यांना कळले होते. पुढच्या पेसाखच्या आत ते वारले.

आता विचार करू. साखरेच्या बाबतीत आमची चूक नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. "थोडं खाल्लं तर काय होतं?" असे म्हणणारे जखम धुवायला येत नाहीत. वॉर्डात उशीखाली लपवलेले मिठाईचे डबे आम्ही किती तरी वेळा बाहेर काढले आहेत. ते डबे प्रेमानेच आणलेले असत. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ निर्धोक होत नाही. आपल्या हलव्यातली साखर काढली तरी चीक हा पिठूळ पदार्थ आहे, आणि पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. तेव्हा शपथा घालून आग्रह करणे ही माया नव्हे. त्यात खाणाऱ्याच्या सुखापेक्षा वाढणाऱ्याची हौस अधिक असते.

मग चुकलो कोठे? काकांनी काय खावे हे आम्ही त्यांना न विचारता ठरवले. त्याहून वाईट म्हणजे, हलवा टाळताना आम्ही माणूसच टाळला. पुरीमला आपण मिशलोआख मानोत पाठवतो. 'मानोत' म्हणजे हिस्से. निदान एका स्नेह्याला खाण्याचे दोन पदार्थ आणि निदान दोन गरिबांना दान, असा नियम आहे. आपल्याकडे पुरणपोळ्या जात, पण पदार्थ गोडच हवा असे नियमात कोठे नाही. रम्बामनी तर लिहून ठेवले आहे की स्वतःच्या मेजवानीपेक्षा आणि स्नेह्यांच्या भेटींपेक्षा गरिबांच्या दानावर अधिक खर्च करावा. म्हणजे मूळ हेतू असा की सणाच्या दिवशी हिश्शातून कोणी वगळला जाऊ नये.

आपला मलिदाच पाहा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट भरतो, त्यात गोड पोहे आणि खोबरे असते, तशी फळेही असतात. फळांची ब्राखा निराळी म्हणतात. ज्याला पोहे चालत नाहीत तो फळाची एक फोड घेतो, आणि त्याचा मलिदा अपुरा राहिला असे कोणी म्हणत नाही. आपल्या वाडवडिलांनी ताटातच सोय करून ठेवली होती. आम्हाला ती त्या दिवशी दिसली नाही.

कोणी विचारील, काकांना विचारले असते आणि त्यांनी चार वड्या मागितल्या असत्या तर? तर आम्ही मूठभर भाजलेले बदाम आणि एक लहान वडी दिली असती, आणि ती जेवणाच्या हिशोबात धरा असे सांगितले असते. पुढे निर्णय त्यांचा. लहान मूल असेल, किंवा ज्याची स्मृती गेली आहे असा रुग्ण असेल, तर घरच्यांना विचारावे. पण शहाण्यासुरत्या माणसाचे दार त्याच्या भल्यासाठी म्हणून सोडून देऊ नये. आणि देता येत नसेल तर खरे तरी सांगावे. "काका, तुमच्या पायाची भीती वाटते म्हणून आणला नाही" एवढे म्हणायला आम्हाला किती वेळ लागला असता?

आता आमच्याही रक्ततपासणीच्या कागदावर साखरेचा आकडा वर गेला आहे. मुले वेगळ्या गावी राहतात. जिन्यात हलव्याचा वास आला की आम्ही स्वयंपाकघरातला रेडिओ बारीक करतो, दारावर थाप पडली तर ऐकू यावी म्हणून. गेल्या नव्याच्या सणाला वरच्या मजल्यावरची सून आली. ताटलीत सफरचंदाच्या फोडी होत्या आणि बोटभर हलवा. म्हणाली, "मावशी, तुम्हाला किती चालेल ते माहीत नाही, म्हणून विचारायला आले."

हलवा आम्ही अर्धाच खाल्ला. ताटली रिकामी परत केली नाही.