दुसऱ्याचे वाक्य

मराठीत ‘संपादन’ हा शब्द एकमेकांपासून फार दूर असलेल्या व्यवहारांना लावला जातो. ज्ञान संपादन करावयाचे असते, विश्वास संपादन करावयाचा असतो. आणि शासन धरणासाठी किंवा रस्त्यासाठी शेतकऱ्याची जमीन घेते तेव्हा त्यालाही भूसंपादनच म्हणतात. ग्रंथाचे संपादन यांपैकी कोणत्या अर्थाच्या जवळ जाते, हा प्रश्न वरवर पाहता शब्दखेळाचा वाटेल. ललितेतर गद्याचे संपादन ज्याने काही काळ केले आहे त्याला तो तसा वाटणार नाही.

हे काम आपल्याकडे शिकवले असे फारसे जात नाही. ते छापखान्यात आणि प्रकाशकाच्या कचेरीत हळूहळू अंगवळणी पडते. प्रस्तुत लेखकाची सुरुवात मुद्रिते तपासण्यापासून झाली. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, अनुस्वार कोठे राहिला व कोठे गेला, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे अशी ही पहिली इयत्ता. तिच्यात डोळा तयार होतो, पण तो एकाच दिशेने तयार होतो: चूक तेवढी दिसू लागते. पुढची इयत्ता वस्तुस्थितीची. सनावळी, नावे, आकडे, उद्धृते पडताळून पाहण्याची सवय लागली की संपादकाच्या हाती एक विलक्षण अधिकार येतो. कथा-कादंबरीच्या बाबतीत त्याला फार तर सूचना करता येते. पात्राने असे वागू नये हे तो लेखकाच्या तोंडावर ठामपणे म्हणू शकत नाही. ललितेतर गद्यात मात्र तो ‘हे असे घडलेले नाही’ असे म्हणू शकतो. त्याच्या बाजूला प्रत्यक्ष जग साक्षीला उभे असते. माझ्या मते या प्रकारच्या संपादनातील खरा धोका या साक्षीदारामुळेच निर्माण होतो.

व्यवसायाची रीतही या धोक्याला पोषक आहे. संपादकाला मोबदला मिळतो तो पानांच्या किंवा सोळा पानी फॉर्मांच्या हिशेबाने, आणि त्याने काम केले की नाही हे मुद्रणप्रतीवरील लाल शाईवरून ओळखले जाते. एखादे वाक्य तीनदा वाचून ते आहे तसेच ठेवण्याचा निर्णय घेण्यासाठी जे कष्ट पडतात, ते कागदावर उमटत नाहीत. न केलेल्या दुरुस्तीचे देयक करता येत नाही. व्यवहाराची अशी तक्रार करणे संपादकाला शोभत नाही असे कोणी म्हणेल. पण श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी रीतसर कंपनी काढली, भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा केले, आणि त्या खटाटोपाचा वृत्तांत १९२७ मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून स्वतंत्र ग्रंथात मांडला, तेव्हा संपादनाचा जमाखर्च हा बौद्धिक इतिहासाचाच भाग आहे हे त्यांनी गृहीत धरले होते. तेवीस खंडांतील बाविसावा खंड केवळ सूचीचा आहे. वाचकाला शोधता यावे म्हणून अख्खा खंड खर्ची घालणे हा निर्णय विद्वत्तेइतकाच पैशाचाही होता.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका निवृत्त गिरणी कामगाराच्या आठवणींचे हस्तलिखित माझ्याकडे आले. गृहस्थ मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. शाळकरी वह्यांत, ओळ न सोडता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला मजकूर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप हा साहजिकच त्याचा मध्य होता. त्या प्रकरणात त्यांनी लिहिले होते की संपाच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या गिरणीची चिमणी पाडली. आणि लागलीच पुढच्या वाक्यात, मुलगा त्यानंतर शाळेत गेला नाही. दोन वाक्यांत कोणतेही उभयान्वयी अव्यय नव्हते.

ही माहिती चुकीची होती. ती चिमणी संपानंतर दहा वर्षांहून अधिक काळ उभी होती. गिरण्यांच्या जमिनींचा विकास करण्याची वाट मोकळी करणारी विकास नियंत्रण नियमावली १९९१ ची. चिमणी पडली ती त्याच्याही नंतर. मी वृत्तपत्रांच्या संचिका पाहिल्या, खात्री करून घेतली आणि तो मजकूर उचलून शेवटच्या प्रकरणात कालक्रमाने योग्य जागी नेऊन ठेवला. तेवढ्यावर भागले नाही. मागे उरलेले मुलाच्या शाळेचे वाक्य आता निराधार लोंबकळू लागले. म्हणून त्याच्या आधी मी एक वाक्य घातले: संप लांबत गेल्याने आर्थिक ओढग्रस्त वाढली. जाता जाता ‘चिमणी’चे ‘धुराडे’ही केले, कारण चिमणी म्हटल्यावर वाचकाला पाखरू आठवेल असे मला वाटले. गिरणगावात ज्याला चिमणी म्हणजे पाखरू वाटेल असा माणूस शोधावा लागला असता, हे त्या वेळी सुचले नाही.

मुद्रिते लेखकाला दाखवली. फेरफार समजावून सांगितले. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही बघून लिहिलंय म्हणजे तेच बरोबर. आपण आपलं डोक्यात राहिलं ते लिहिलं.” आणि प्रत्येक फॉर्मवर सही केली. पुढे एका परीक्षणात लेखकाच्या संयत कार्यकारणदृष्टीची वाखाणणी झाली. पुराव्यादाखल जे वाक्य उद्धृत केले होते ते माझे होते.

अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचा १९९१ चा निबंधसंग्रह त्यानंतर वाचनात आला. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात, पोलिसांच्या गोळीला बळी पडला. परंतु अनेक कामगारांनी आपल्या कथनात हा मृत्यू १९५३ मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या वेळी झालेल्या चकमकींत घडला असे सांगितले. पोर्तेल्ली या चुकीला स्मृतिदोष म्हणून बाजूला सारत नाहीत. ज्या मृत्यूचे उत्तर त्या वेळी देता आले नाही, त्याला समूहाची स्मृती प्रतिकाराच्या क्षणाशी नेऊन जोडते. चुकीच्या सनातच कथनाचा अर्थ साठलेला असतो, अशी त्यांची मांडणी आहे. हे वाचल्यावर त्या वहीतील दोन वाक्ये मला नव्याने ऐकू आली. त्या माणसाच्या लेखी चिमणी १९८२ मध्येच पडली होती. ती विटांची बनलेली आहे आणि अजून उभी आहे, ही बाब नगरपालिकेच्या दप्तरात महत्त्वाची.

येथे एक आक्षेप उभा राहतो व तो रास्त आहे. मग चुका तशाच छापाव्यात काय? ललितेतर ग्रंथ विकत घेणारा वाचक लेखकाशी आणि प्रकाशकाशी एक अलिखित करार करत असतो; सांगितलेले खरे आहे या भरवशावर तो पैसे मोजतो. औषधाच्या मात्रेचा आकडा चुकला असेल तर तो ‘लेखकाचा आवाज’ म्हणून जपणे हा गुन्हाच ठरेल. याच हस्तलिखितात एका जॉबरचे नाव घेऊन तो मालकाचा हस्तक असल्याचे म्हटले होते, आणि त्याला कसलाच आधार नव्हता. ते नाव मी काढले व त्याची खंत मला आजही वाटत नाही. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी केलेले विधान आणि स्वतःच्या आयुष्याच्या मोडतोडीविषयी केलेले विधान, दोन्हींना एकच कसोटी लावता येत नाही. अडचण अशी की आत्मकथनात ही दोन्ही एकाच वाक्यात सापडतात.

या संदर्भात आपल्याच परंपरेतील दुसऱ्या प्रकारच्या संपादनाकडे पाहणे उपयोगाचे आहे. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. वि. सी. सुखटणकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वात तिची पद्धती सिद्ध झाली. तीत जो पाठ निःसंशय नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा आहे, आणि वगळलेला मजकूर नाहीसा न करता तळटीपांत वा परिशिष्टांत ठेवला आहे. संपादकाचा निर्णय, त्याचा संशय आणि त्याने नाकारलेले पर्याय ही तिन्ही त्याच पानावर वाचकासमोर असतात. व्यासांच्या वाक्याला हात लावताना आपण एवढी चोख हिशेबवही ठेवतो. जिवंत लेखकाच्या वाक्याला हात लावताना मात्र खुणा बुजवणे हेच कौशल्य मानले जाते. उत्तम संपादक दिसत नाही, असे आम्हाला शिकवले गेले. कादंबरीपुरते ते खरेही असेल. साक्षीच्या बाबतीत अदृश्य संपादक म्हणजे साक्षीदाराच्या तोंडून बोलणारा दुसराच इसम होय.

कायद्याकडे वळावे तर तेथेही फारसा आधार सापडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम लेखकाला, हक्क विकून टाकल्यावरही, एक संरक्षण देते: त्याच्या सन्मानाला वा लौकिकाला बाधक असा विपर्यास त्याला रोखता येतो. पण माझ्या वाक्याने त्या गृहस्थांच्या लौकिकात भरच पडली होती. लेखकाला आहे त्याहून अधिक विवेचक, अधिक प्रमाण, अधिक आमच्यासारखा करून दाखवणारा फेरफार कोणत्याच कलमात बसत नाही. शिवाय त्यांची संमती होती. ती संमती कितपत मोकळी होती हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही; सही झाल्यावर तो विचारण्याची प्रथा नाही.

लेखक आता हयात नाहीत. दुसऱ्या आवृत्तीची बोलणी निघाली तेव्हा मूळ वह्या घेऊन त्यांचा मुलगा आला. शाळा सुटली ती ज्याची, तोच हा मुलगा. आता पन्नाशी ओलांडलेला. मी त्याला माझा बेत सांगितला: दोन्ही वाक्ये मूळ जागी, मूळ शब्दांत आणायची, माझे वाक्य काढून टाकायचे, आणि चिमणी प्रत्यक्षात केव्हा पडली याची टीप संपादकाच्या नावानिशी खाली द्यायची. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला की टीप वाचून लोक बाबांना हसतील. छापलेले आहे तेच चांगले आहे, बाबांनी त्यावर सही केली आहे. “आणि तुम्ही घातलेलं वाक्य खोटं कुठं आहे?” असेही त्याने विचारले.

ते खोटे नाही, हे मला मान्य करावे लागले. प्रकाशकांचे म्हणणे निराळेच: टीपा आल्या की अर्धा फॉर्म वाढेल, त्याचा खर्च कोणी सोसायचा. सध्या त्या पानाची दोन मुद्रिते माझ्या टेबलावर आहेत. वह्या मी मुलाला परत केल्या, त्यापूर्वी त्या दोन ओळींची नक्कल करून घेतली.