स्वधर्म आणि सामाईक कर्म

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'स्वधर्म', म्हणजे ज्याचे त्याचे विहित कर्तव्य, आणि 'लोकसंग्रह', म्हणजे समाज एकत्र धरून ठेवणे, या दोन्ही कल्पना येतात. त्यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात रोजच्या कामातूनच उभा राहतो. 1969 साली देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि भरती-ओहोटी व पाऊस यांवर चालणाऱ्या जीवनाशेजारी पाळ्यांचे वेळापत्रक येऊन बसले. परंपरेने वर्णाशी जोडलेला स्वधर्म येथे कौशल्यावर ठरायला हवा. कारण कोणी लेखी सूचनेशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नाही, तर कोणी यंत्राच्या आवाजावरूनच बिघाड ओळखतो. मराठी कामगार खंडेनवमीला अवजारे पुजतो, उत्तर भारतीय सहकारी सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा करतो, आणि यंत्रावरचे कुंकू व झेंडूचा हार दोन्हीकडे सारखाच दिसतो. तरीही केवळ सणाने संस्कृती सामाईक होत नाही. पाळी सोपवताना नोंदवहीत खरी नोंद करणे आणि पुढच्या पाळीतील माणसाचा जीव त्या नोंदीवर अवलंबून आहे हे जाणणे, हाच तेथील लोकसंग्रह होय. कामाची रीत वेगळी असू शकते; सचोटी मात्र एकच असावी लागते.