पोटचे आणि पदरचे

राहनाळला मी मास्तर. एके वर्षी माझाच मुलगा माझ्या वर्गात आला. पक्षपाताचा बोल नको म्हणून त्याचा हात वर दिसला तरी मी दुसऱ्यालाच विचारी. पुढे त्याने हात वर करणेच सोडले.

२०२२ च्या जानेवारीत सिंधुताई सपकाळ गेल्या, तेव्हा हे आठवले. अनाथांत आपपरभाव नको म्हणून त्यांनी पोटची लेक पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवली होती. जग हात जोडते, मीही जोडतो. पोटचे पोर जवळ असले की हात आधी तिकडेच जाणार, हे खरेच. पण त्याग एकट्या आईचाच का? त्या अजाण लेकीला कोणी विचारले होते?

परवा फराळाला बसताना मुलाजवळ विषय काढला. चकली मोडीत तो म्हणाला, "बाबा, मला उत्तर येत होतं."